आत्याचा एसएमपीएस चांगला होता

मागच्या गुरुवारी इथं मी जे लिहिलं, ते खोटं निघालं.

मुद्दाम लिहिलं नव्हतं. मला तेच खरं वाटत होतं. पण तुम्ही सगळ्यांनी ते वाचलंय, म्हणून दुरुस्तीही इथंच.

मी लिहिलं होतं की वसुआत्यानं घरी जोडून दिलेला माझा कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा, कारण तिनं त्यात जुना एसएमपीएस बसवला होता. आणि ती चूक तिनं हसत कबूल केली. "एवढं मोठं मन होतं तिचं."

कौतुक म्हणून लिहिलं होतं मी हे.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला, वीज पुरवणारा डबा. तो चांगला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वसुआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्याकडेच राहायची. गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी चहा गाळता गाळता ती ओट्याला धरून खाली बसली.

ॲम्ब्युलन्स क्रांती चौकात पोचली, तेव्हा बाबा तिच्याशी बोलायचे थांबले.

अजून काही कळत नाहीये मला. काल मी तिच्यासाठी पण चहा टाकला.

माझी पहिली शाळा म्हणजे आत्या. शाळेच्या गेटवर मला उलट्या व्हायच्या, म्हणून तिसरीपर्यंत तिनंच घरी शिकवलं. कचेरीतून आली की साडीही न बदलता पाटी घेऊन बसायची. उत्तर बरोबर आलं तरी विचारायची, "कशावरून?"

कॉम्प्युटर जोडायला ती पन्नाशीत शिकली. लॉकडाऊनमध्ये गल्लीतल्या पोरांची शाळा मोबाईलवर आली, तेव्हा पार्ट आणून तिनं सहा घरांत कॉम्प्युटर जोडून दिले.

सातवा माझा.

तो दसऱ्यानंतर बंद पडायला लागला. निळा स्क्रीन, मग आपोआप रीस्टार्ट. कधी दहा मिनिटांनी, कधी दोन तासांनी. माझं काम घरूनच असतं. 

दर रविवारी आम्ही चटईवर कॅबिनेट आडवं करायचो. रॅमच्या दोन पट्ट्या. एक काढून चालवायची, मग दुसरी. त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरनं पुसायच्या. एकेकटी पहिल्या खाचेत लावली की दोन्ही छान चालायच्या. दोन्ही एकत्र लावल्या की पुन्हा तेच.

"आत्या, सगळंच एकदम बदलून टाकू ना."

"आन् मग बरं कशानं झालं, ते तुझा बाप सांगणार का?"

सोफ्यावरून बाबा: "मला कशाला ओढता मधी? मला तर त्याचं बटण सापडत नाय."

एका रविवारी मी पोहे करायला आत गेले. परत आले तर आत्यानं कॅबिनेटचं झाकणही लावून टाकलं होतं.

"सापडलं गं. एसएमपीएस. जुना बसवला होता मीच. माझंच चुकलं."

"कशावरून?" मी विचारलं.

ती स्क्रूड्रायव्हर आवरायला लागली. "पोहे आण," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं नवा डबा आणून बसवला. नंतर एकदाही कॉम्प्युटर बंद पडला नाही. माझी खात्री पटली.

माझ्या त्या पोस्टखाली समोरच्या देशमुखकाकूंची कमेंट आली. "आमच्यातही वसुताईंनी जुनाच डबा घातला असेल का गं? पोराची बारावी आहे."

मग आणखी दोघांनी तेच विचारलं. एकानं लिहिलं, घरगुती कामाचं असंच असतं.

शनिवारी गल्लीच्या ग्रुपवर काकूंच्या कॉम्प्युटरचा फोटो आला. विकणे आहे. कॅबिनेटवर आत्याच्या अक्षरातली चिठ्ठी तशीच: "उघडण्याआधी पिन काढा."



लोकांना नेमकं काय तपासायचं ते सांगता यावं, म्हणून मी माळ्यावरून जुना डबा काढला आणि माझ्याच कॉम्प्युटरला लावला. कधी बंद पडतो ते बघत बसले.

दोन दिवस. एकदाही नाही.

बाबा खिडकीशी बसले होते. सुतकातली वाढलेली दाढी.

"बाबा, जुना डबा चांगला आहे."

"हं."

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "अक्षता होती."

"काय?"

"रॅमच्या दुसऱ्या खाचेत. कुंकवाचा तांदूळ, वाळून चिकटलेला. पट्टी पुरती बसतच नव्हती. ताईनं चिमट्यानं काढून मला दाखवला."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. आत्याचे स्क्रूड्रायव्हर, आईची विळी आणि माझा कॉम्प्युटर. आधी सगळं उघडून, पुसून ठेवायचं, मग पूजा. रॅम काढून पाटावर मीच मांडली होती. उघड्या कॅबिनेटवर हळदकुंकू आणि अक्षता मीच वाहिल्या. मूठभर, अगदी मनापासून.

नंतर पट्ट्या दाबून बसवल्याही मीच.

दोन महिने आम्ही पट्ट्या पुसत होतो. खाचेत टॉर्च मारून मी एकदाही बघितलं नाही.

"मला का नाही सांगितलं?"

"ती म्हणली, पोरगी जीवाला लावून घेईल. पुन्हा स्क्रूड्रायव्हर हातात धरायची नाय. राहू दे माझ्यावर."

म्हणजे नवा डबा फक्त मला पटावं म्हणून आणला होता.

आयुष्यभर मला कशावरून, कशावरून विचारणारी बाई माझ्यासाठी खोटं बोलली. आणि ती गेल्यावर तीनच दिवसांनी मी ते खोटं तिच्या नावावर गावभर केलं.



काकू, विकू नका. प्लीज. तुमच्या डब्याला काही झालेलं नाही. तुमच्या कॉम्प्युटरची मी कधी पूजा केलेली नाही.

सहापैकी दोन घरं फेसबुकवर नाहीत. त्यांनी ती गोष्ट लोकांच्या तोंडून ऐकली आहे. त्यांना समोर बसूनच सांगावं लागेल. लोकांच्या दाराची बेल मी आजवर बाबांनाच वाजवायला लावत आले. यावेळी ते येणार नाहीत, मीच नको म्हटलं. सहाही घरी कॅबिनेट उघडून दाखवीन आणि चूक कोणाची होती ते सांगीन.

सुतकात कोणाकडे जाता येत नाही. तेरावा शनिवारी आहे.

वसुआत्या, तुला साष्टांग नमस्कार. माझ्यावरचं तू तुझ्यावर घेतलंस, ते मी परत घेते.

रविवारी सकाळी दहा वाजता. पहिलं घर देशमुखकाकूंचं.