नानाचं नवं घर

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही किरटं आहे... वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते. अंगात येणं, भूतबाधा असलं मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. पण हे मी समोर उभी राहून पाहिलंय.

सारंगखेड्याला स्टँडच्या रस्त्यावर आमचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. ते आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने सुरू केलं. सासूबाई त्यांना नाना म्हणायच्या. गावात कुणाची हळद असली की गाणी म्हणायला सासूबाईंना बोलावणं यायचं. ती सगळी गाणी यांनी माइक लावून कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली होती. एक गाणं संपलं की मध्येच यांचा आवाज येतो — "माय, पुढलं म्हण ना." मग सासूबाई म्हणतात, "दम तर खाऊ दे."

हे धुळ्याच्या दवाखान्यात वारले. त्या धावपळीत यांचा मोबाईल हरवला. यांचा आवाज उरला तो या गाण्यांच्या मधला, तेवढाच. दुकान बंद करताना सासूबाई रोज एक गाणं लावायला सांगायच्या. स्वतःचं गाणं कोण ऐकतं? त्या मधल्या आवाजासाठी सगळं.

यांना धुळ्याहून आणताना तापीच्या पुलावर सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली होती. यांच्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "नाना, पूल उना. मांगे ऱ्हाऊ नको, घर चाल." गेलेल्या माणसाला पूल आला, घर आलं असं वाटेत सांगत आणावं लागतं, नाहीतर तो तिथेच राहतो, असं त्या मानतात. मी नुसती ऐकत होते.

पुढे जुना कॉम्प्युटर सारखा बंद पडायला लागला. दुकान आता माझी मुलगी वर्षा बघते. बचत गटातून कर्ज काढून नवीन घेतला. यांचे मित्र भरतभाऊ दुरुस्तीचं काम करतात, ते जुन्यातलं नव्यात टाकायला आले. फॉर्म नव्यात गेले, फोटो गेले... गाण्यांचं फोल्डर आलं आणि स्क्रीनवर सरकणारी हिरवी पट्टी अर्ध्यात थांबली. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. शेवटी भरतभाऊ खाली बघत म्हणाले, "वहिनी, डिस्क खराब शे. आशा नका ठेवू."

मी मागे जाऊन धुतलेलेच कप परत धुवायला लागले.

सासूबाईंनी विचारलं तेव्हा सांगितलं, गाणी तिकडे जात नाहीत. त्या उठल्या, जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला. भरतभाऊ म्हणाले, "मावशी, मशीन शे ते, त्याले काय ऐकू येस?" त्यांनी लक्ष दिलं नाही.

"नाना, चाल. नवा घरमा चाल. मांगे ऱ्हाऊ नको."

कुणी बटण दाबलं नव्हतं. पट्टी हलली... आणि पूर्ण भरली.

नव्यावर गाणं लावलं. "माय, पुढलं म्हण ना." वर्षा रडायला लागली.

मग भरतभाऊंनी जुन्यात सहज बघितलं. बाकी सगळं जागेवर होतं, फक्त गाण्यांचं फोल्डर रिकामं. ते म्हणाले, मी कॉपी केलं होतं, कॉपी केलं की जुन्यात राहतंच. वर्षाही बघत होती. सासूबाईंना मात्र काहीच नवल वाटलं नाही.

"गया ना मंग तो. एक माणूस दोन घरमा कसा ऱ्हाई?"

भरतभाऊ अजून म्हणतात, डिस्कचाच दोष असेल. असेलही. पण मग नेमकं तेवढंच का गेलं, ते त्यांनाही सांगता येत नाही. मला तर कसं येणार...

मागच्या महिन्यात गटाचा शेवटचा हप्ता भरून आले. सासूबाईंना सांगितलं, कर्ज फिटलं. त्या दुकानात गेल्या, पदराने कॉम्प्युटरवरची धूळ पुसली आणि हळूच म्हणाल्या, "नाना, घर आते आपलं व्हयनं."