रोशनचा शर्ट

"गप कर तुझ्या पोरीला. इथं बाबा नाय म्हणायचं."

क्लबचा अध्यक्ष म्हणाला. सगळ्यांदेखत. मी नुकतीच समोरच्याची दांडी उडवली होती आणि दोरीपलीकडून माझी पोर ओरडली होती, "बाबा! बाबा!" तिने तोंडावर हात ठेवला. आपणहून.

माझ्या पाठीवर 'रोशन' छापलेलं. रोशन म्हणजे अध्यक्षाचा पुतण्या, दुबईला कंपनीत. स्पर्धा त्यांच्या समाजाची, गडब गावाजवळच्या कापलेल्या भातशेतात. आम्हा कातकऱ्यांना तिथं खेळायला बंदी. पण माझ्यासारखा बॉलर त्यांच्यात नव्हता. म्हणून शर्ट रोशनचा, हात माझा. मतदानाला आमची वाडी गावात, क्रिकेटला गावाबाहेर.

तीन-चार हिवाळे मी रोशन होतो. माइकवरचा ओरडायचा, "रोशनने दांडी गुल केली!" शिट्ट्या पडायच्या. मला आवडायचं, खोटं कशाला सांगू. बक्षीस घ्यायला रोशनचा बाप जायचा. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे हसायचे.

त्या संध्याकाळी वाडीवर पोरं खेळत होती. माझ्या पोरीने बॉल टाकला, काटकी पडली, आणि ती नाचायला लागली, "रोशनने दांडी गुल केली!"

"रोशन कोण गो?" मी विचारलं.

"तूच. पण सांगायचं नाय."

माझ्याच घरात माझं नाव मेलं होतं आणि सुतक कुणालाच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फायनल. शेवटची ओव्हर माझी. मी शर्ट काढला, बॉल त्यात गुंडाळला आणि अध्यक्षाच्या हातात दिला.

"रोशनला बोलवा दुबईवरनं."

"माजलास काय रे?"

"व्हय."

उघड्या अंगाने मैदानाबाहेर आलो. मागून आईबहिणीवरून शिव्या. मी वळलो नाही.

पण ते भूत उतरत नाही. अजून पेणच्या बाजारात कुणी "रोशन" अशी हाक मारली की माझी मान आधी वळते, मग मला राग येतो. झोपेतही तीच शिट्टी, तेच नाव.

परवा अध्यक्ष वाडीवर आला. गोड बोलला. "यंदा शर्टावर नावच नाय छापत. कोरा घाल. मग तर झालं?"

नाही झालं. माझं नाव, माझ्या बापाचं नाव, माझ्या वाडीचं नाव. तिन्ही माइकवरून, मोठ्याने. त्यातलं एक जरी गिळलं तरी मी बॉल टाकणार नाही. हात गंजला तरी चालेल.