धोंडूआप्पांच्या विहिरीवरून डावीकडे

आमच्या घरी यायचा रस्ता मला तोंडपाठ आहे. फक्त तो आता जागेवर नाही.

नाशिकला खेटून असलेल्या या वस्तीत मी राहायला आलो, तेव्हा चहूकडे द्राक्षांचे मळे होते. पत्ता सांगायचा तर, "धोंडूआप्पांच्या विहिरीवरून डावीकडे, मग गोठ्याच्या वासावर सरळ या!" पुढे मळ्यांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर रो-हाऊस आली, गोठ्यात जिम निघाली. (वास थोडाफार तसाच आहे.) रोजचं नवं लक्षात ठेवायचा मला आता कंटाळा येतो.

आमच्या नेहाला बघायला घोटीहून पाहुणे येणार होते. मुलगा देवळाली कॅम्पहून परस्पर येणार होता. आधीची दोन स्थळं जमता जमता फिसकटलेली, त्यामुळे बायकोने सकाळपासून देवाला आणि मला धारेवर धरलं होतं.

"त्यांना लोकेशन पाठवा."

"मी इथला जुना माणूस! आप्पांची विहीर कुणीही दाखवेल."

दाखवली! विहीर बुजवून तिथे लग्नाचं लॉन्स झालंय आणि त्या दिवशी तिथे लग्न होतं. त्या लग्नातल्या मुलीकडच्यांना वाटलं हे मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे. फेटे बांधून पाहुण्यांना थेट पंगतीत बसवलं.

इकडे पोहे गार झाले. हेही स्थळ जातंय की काय, या विचाराने मी फोनमागून फोन लावत सुटलो. शेवटी मुलाच्या वडिलांचा फोन लागला.

"अवो, नुसत्या बघायच्या कार्यक्रमाला येवढा खर्च? लय माणसं हायेत तुमची!"

मी धावत लॉन्सवर गेलो. जेवल्याशिवाय मलाही कुणी सोडेना! मग त्यांच्या गाडीत ऐटीत पुढे बसलो. "चला, मी दाखवतो रस्ता." तिसऱ्यांदा त्याच जिमसमोर आलो, तेव्हा ते हळूच म्हणाले, "तुम्ही हितंच राहता ना?"

मी निमूटपणे बायकोला फोन लावला. "लोकेशन पाठव."

पोचलो तर मुलगा आमच्या ओट्यावर! नेहाने त्याला आदल्या दिवशीच लोकेशन पाठवलं होतं. गार पोहे दोघांनी मिळून संपवले होते आणि होकारही देऊन टाकला होता.

लग्न त्याच लॉन्सवर करायचं ठरलं. पत्रिकेसाठी पत्ता सांगायला मी उत्साहाने तोंड उघडलं.

"बाबा," नेहा म्हणाली, "तुम्ही फक्त आमच्याच गाडीतून या."