दोन नवस

मुलाची इंग्रजीची परीक्षा चालू होती, म्हणून मी कॉलेज रोडवरच्या केंद्राबाहेर बसले होते. परदेशी विद्यापीठात अर्ज करायचा तर ही परीक्षा द्यावीच लागते. शेजारी सायखेड्याचे एक गृहस्थ होते. त्यांची मुलगी आत गेली होती. मांडीवरच्या तिच्या स्वेटरची पुन्हा पुन्हा घडी घालत ते सगळ्यांना कॅनडाचं कौतुक ऐकवत होते. तिकडचे रस्ते काय, शिस्त काय, इथं ठेवलंय काय!

"मिळेल हो तिला प्रवेश," मी म्हटलं.

"मिळणारच. पंचवटीत नवस बोललोय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "गावाकडं देवीला दुसरा बोललोय, नाय मिळाला तर बरं म्हणून. पोरीला सांगू नका, ताई."

तेवढ्यात मुलगी हसतच बाहेर आली. "पप्पा, लय भारी गेला पेपर! तोंडी परीक्षेत आवडत्या माणसाबद्दल बोला म्हणाले. मी एका क्रिकेटरवर बोलले. तुमच्यावर बोलले असते तर रडूच आलं असतं."

त्यांनी स्वेटरची घडी मोडली आणि तो तिच्या खांद्यावर टाकला.

"बरं केलंस," ते म्हणाले, "उगाच मार्क गेले असते."