पाणी पाळणारे गार्डसाहेब

कुत्री पाळणारी, मांजरं पाळणारी, पोपटाला देवाची नावं शिकवणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. पण पाणी पाळणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो आमच्या बूढापाऱ्यात, म्हणजे बूढा तलावाजवळच्या आमच्या आळीत, माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, की आजी, तुझ्या अंगणातल्या कमळांच्या सिमेंटच्या टाक्यात हे छोटे छोटे मासे आले कुठून. उत्तर लांबलचक आहे, म्हणून लिहून पाठवते. ते मासे शेजारच्या गार्डसाहेबांकडून आले, आणि गार्डसाहेबांकडे आधी नुसतं पाणी होतं.

गार्डसाहेब मालगाडीचे गार्ड होते. इंजिन पुढे कुठेतरी, मधे कोळशाचे नाहीतर धानाचे डबे, आणि सगळ्यांत शेवटी एका छोट्याशा डब्यात हे एकटे, तोंड मागे करून. आयुष्यभर त्यांनी जग जाताना पाहिलं, येताना नाही. म्हणूनच की काय, या माणसाला कसलीच घाई नसते. चहा दिला तर आधी कपाकडे पाहतात, मग बशीकडे, मग खिडकीबाहेर, आणि चहा पुरता निवल्याची खात्री झाली की पितात. कुठे निघाले की फाटकापर्यंत जाऊन वळतात आणि घराकडे असं निरखून पाहतात, जणू शेवटचा डबा नीट जोडलेला आहे ना ते तपासताहेत. लग्नाच्या पंगतीत ते अजून वरणभातावर असतात आणि मागची पंगत हात धुऊन पान खात असते. बोलणंही तसंच. त्यांना प्रश्न विचारावा, आपण मेथीची जुडी निवडून घ्यावी, मग उत्तर येतं.

त्यांची बायको, जिला सगळा पारा गार्डीणबाई म्हणतो, ती याच्या अगदी उलट. नवऱ्याच्या वाट्याचंही तीच बोलायची. रोज संध्याकाळी कणकेच्या गोळ्या घेऊन बूढा तलावावर जायची आणि परत आल्यावर कोणता मासा हावरट आहे, कोणता दुसऱ्याचं तोंडातलं पळवतो, ते नावानिशी सांगायची. मग एकदा न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू चाला. ती उठली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि तिने बोलणं बंद केलं. भांडण नाही, रुसवा नाही; नुसतं बंद. महिने गेले. गार्डसाहेब माझ्याकडे येऊन बसले, बराच वेळ माझ्या तुळशीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "ताई, तिले तलावावर नेता येत नाही. तलाव घरात आणता येते काय?"

त्यांचा बेत असा होता की प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये खरोखरच तलावाचं पाणी आणायचं. तो मी मोडून काढला, कारण त्या पाण्याबरोबर काय काय घरात येईल याचा नेम नाही. माझं इंग्रजी बरं म्हणून मासे पाळण्याची एक पुस्तिका वाचून सांगण्याचं काम मग माझ्याकडेच आलं, आणि एका दुपारी आम्ही सदर बाजाराच्या गर्दीतून वाट काढत माशांच्या दुकानात गेलो. गार्डसाहेबांच्या काखेत एक उशी होती. का, ते मी विचारलं नाही. उत्तर येईपर्यंत दुकान बंद झालं असतं.

दुकानदाराने पहिल्यांदा गोल बरणी दाखवली, आत एक सोनेरी मासा. नवे लोक हेच नेतात, म्हणाला. गार्डसाहेबांनी बरणीला एक प्रदक्षिणा घातली. "हा तर नुसता वळूनच राहिला. याले सरळ लाइन कुठं आहे? लांब दाखव." पुस्तिकाही हेच सांगत होती, की बरणीत माशाचा जीव कोंडतो, नवख्याने लांब आणि ऐसपैस टाकी घ्यावी, जास्त पाणी लवकर बिघडत नाही. लांब टाकी निघाली. तेव्हा गार्डसाहेबांनी दुकानाच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर उशी ठेवली आणि कुशीवर आडवे झाले. एका बाईने घाबरून पाण्याची बाटली पुढे केली. दुकानदार काउंटरवरून वाकून म्हणाला, "अंकल, तबियत तो ठीक है?"

"हव, ठीक आहे. टाकी खाली घे. अजून खाली. हां. आता खाटेवरून दिसते."

अशी स्टँडची उंची ठरली. दुकानदार टाकीच्या पाठीमागे निळ्या समुद्राचं चित्र फुकट चिकटवून देत होता, तेही त्यांनी नको म्हटलं. त्यांना दोन्हीकडून आरपार काच हवी होती.

टाकी आली, पाणी भरलं, ते साफ ठेवणारी विजेची गाळणी गुरगुरायला लागली, आणि पुढे काहीच घडलं नाही. नव्या पाण्यात एकदम मासे सोडले तर त्यांच्याच घाणीने ते मरतात. गाळणीत डोळ्यांना न दिसणारे उपयोगी जंतू वस्तीला यावे लागतात, त्याला काही आठवडे लागतात, असं मी वाचून दाखवलं होतं. दुसऱ्या कुणाला हे ऐकवलं असतं तर त्याने दोन दिवसांत मासे आणले असते. गार्डसाहेबांना मात्र आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्यांच्या मनासारखं लिहिल्याचा आनंद झाला. ते टाकीजवळ स्टूल टाकून पाण्याकडे पाहत बसू लागले. पाऱ्यातले लोक बघायला येत.

"काकाजी, मासे कुठं आहेत?"

"अजून सिग्नल नाही."

"मग पाहून काय राहिले?"

"पाणी."

लोक हसत, 'गार्डसाहेबानं पाणी पाळलं' म्हणत, आणि तरी बसत. खरं सांगते, मीही बसायची. दुपारचं ऊन खिडकीतून टाकीत शिरायचं, छतावर पाण्याची हलती जाळी पडायची, गाळणीचा आवाज लांबून जाणाऱ्या गाडीसारखा यायचा, आणि आपण नक्की कुठल्या गावात आहोत हे थोडा वेळ विसरायला व्हायचं. अशाच एका दुपारी माझं लक्ष खाटेकडे गेलं. गार्डीणबाई कूस बदलून इकडे तोंड करून पडली होती. रिकाम्या पाण्यात एवढी माणसं काय बघतात, ते ती बघत होती. गार्डसाहेबांनी मला डोळ्यांनीच खुणावलं, बोलू नका.

मग मासे आले. गप्पी आले, रंगीत झुळझुळीत शेपट्यांचे, नवख्याने घ्यावेत असे गरीब स्वभावाचे. पाऱ्याने नावं ठेवलीच, की डासांसाठी नालीत सोडतात ते मासे यांनी विकत आणले. पण त्यांच्याबरोबर एक काळ्या पट्ट्यांचा, टायगर बार्ब नावाचा मासाही आला. लांब शेपटीवाल्यांत याला ठेवू नये, असं पुस्तिकेत स्पष्ट होतं. मी तसं म्हटलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "दुकानात एकटाच उरला होता, ताई."

आठवडाही झाला नसेल. मी ओट्यावर मेथी निवडत होते. गार्डसाहेब आले, बसले. माझी जुडी संपली, तेव्हा म्हणाले, "ताई, ती मले रागावली."

"कोण?"

"ती." घरचा चहाचा कप ते हातात तसाच घेऊन आले होते. "म्हणे, तो पट्ट्यावाला त्या पोट्ट्यायच्या शेपट्या तोडून राहिला, अन् तुमचं ध्यान कुठं आहे?"

मी हात पुसून त्यांच्या घरी गेले. शेपट्या खरोखर कुरतडल्या होत्या. गार्डसाहेब अपराध्यासारखे म्हणाले, "उद्या वापस देऊन येतो त्याले."

"काहून?" खाटेवरून आवाज आला. बसलेला, घोगरा, पण तोच. "एकटा आहे म्हणून चावून राहिला तो. त्याचे सोबती आणा पाच-सहा. अन् हे नाजूक पोट्टे ताईच्या टाक्यात सोडा, तिथं कमळाखाली सुखानं राहतीन. इतकी साधी गोष्ट तुमाले समजत नाही?"

पुस्तिकेतही हेच होतं, की पट्ट्यावाले घोळक्याने ठेवावेत. फक्त तिथे ते असं रागावून लिहिलेलं नव्हतं. तर गप्पी माझ्याकडे आले आणि पुढे ते किती वाढले ते तुम्ही पाहिलंतच.

गार्डीणबाई आता वॉकर धरून टाकीपर्यंत येते आणि माशांना स्वतः खाऊ घालते. तलावापर्यंत काही जाता येत नाही, येईलसं वाटतही नाही. संध्याकाळी मी डोकावते तेव्हा ती खाटेवर उशीला टेकून असते, गार्डसाहेब टाकीच्या पलीकडे स्टुलावर, आणि मधल्या पाण्यातून पट्ट्यावाल्यांचा घोळका इकडून तिकडे जात असतो. ती बोलत असते. एकदा मी गार्डसाहेबांना विचारलं, इकडे तिच्याजवळ बसून का नाही पाहत? ते मासा पार दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत थांबले.

"आमचं क्वार्टर लाइनीच्या बाजूलेच होतं, ताई. माझी गाडी निघे तेव्हा ही दारात उभी राहे. मी शेवटच्या डब्यातून पाहत जाओ. लहान लहान होत दिसेनाशी होये. दर वेळी." मग काचेतून पलीकडे पाहत म्हणाले, "इथून तेवढीच्या तेवढी दिसते. पाण्यातून तर जराशी मोठीच."

तुम्ही आलात की गार्डसाहेबांना विचारून त्या स्टुलावर तुम्हाला ओळीने बसवीन, आणि मी खाटेच्या बाजूने पाहीन. काचेवर टकटक मात्र करायची नाही.