कठीण वापर

आमच्या साडूंच्या घरात आजवर एकही वस्तू बिघडलेली नाही, आणि याला गुण म्हणावं की व्याधी, हे आम्हा नातेवाइकांना अजून ठरवता आलेलं नाही. घड्याळ बंद पडल्यावर सेल बदलणारी माणसं आपण सगळेच आहोत. साडू घड्याळ चांगलं टिकटिकत असताना सेल बदलतात. त्यांचा नळ गळत नाही, कारण त्याला गळायची बुद्धी व्हायच्या आत आतला वायसर नवा झालेला असतो. मे महिन्याच्या रखरखीत उन्हात ते गच्चीवर घरातल्या सगळ्या छत्र्या उघडून काड्या तपासत बसतात, तेव्हा त्यांच्या सुदामा नगरातले लोक खालून मान वर करून बघतात आणि पुढे जातात. आमच्या इंदूरात कुठल्याही अडचणीवर शेवटचा तोडगा म्हणजे ‘चल जाएगा’. नळवाला म्हणतो चल जाएगा, सुतार म्हणतो चल जाएगा, परवा तर डोळ्यांचा डॉक्टरही म्हणाला. साडूंचा मात्र या शब्दांवर असा दात, की त्यांच्यासमोर ते उच्चारणाऱ्या एका प्लंबरला त्यांनी चहा पाजला, पाणी पाजलं आणि काम न देता परत पाठवलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सांवेर रोडवरच्या एका औषधांच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर बॉयलरची देखभाल केली. बॉयलर हे प्रकरण बिघडल्यावर दुरुस्त करायचं नसतंच, कारण ते बिघडलं तर दुरुस्त करायला माणूस जागेवर राहत नाही. त्यामुळे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका यंत्रापाशी तयार झालं. ‘‘बंद पडल्यावर करतात ती मरम्मत,’’ ते सांगतात, ‘‘आणि चालू असताना करतात ती देखभाल. मरम्मत कोणी पण करून घेतं.’’ रिटायर झाल्यावर बॉयलर सुटला, तत्त्वज्ञान घरी आलं. आमच्याकडे श्रीखंडपुरीच्या जेवणाला बोलावलं, तर पहिल्या पुरीलाच त्यांचे कान टवकारले. पंख्यातून म्हणे काहीतरी आवाज येत होता. आम्ही इतकी वर्षं त्या पंख्याखाली झोपतो, आम्हाला काही ऐकू आलं नव्हतं. साडूंनी ताट झाकायला सांगितलं, स्टुलावर चढले, आणि खिशातून तेलाची इवलीशी कुपी काढली. जेवायला येताना खिशात तेल घेऊन येणारा पाहुणा मी तरी दुसरा पाहिलेला नाही. ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, खाली स्टूल धरून उभ्या होत्या आणि हसत होत्या. त्यांना सवय होती.

ताईंबद्दल थोडं सांगायला हवं. माझी सासू लवकर गेली. तेव्हा ताईंचं नुकतंच लग्न झालं होतं आणि माझी बायको, घरातली बेबी, शाळकरी होती. ताईंनीच तिला वाढवलं म्हणायला हरकत नाही. पुढे बेबी उज्जैनला होस्टेलवर राहून शिकली. दर शनिवारी दुपारच्या बसने ती इंदूरला यायची आणि ताई साडूंच्या स्कूटरवर मागे बसून तिला घ्यायला बस स्टँडवर जायच्या. हातात डबा असे. त्यात सराफ्यातल्या मिठाईवाल्याकडून आणलेला खोपरापाक, कारण घरी पोचेपर्यंत बेबीला भूक धरवणार नाही अशी ताईंची खात्री होती. हे सगळं मी आमच्या लग्नाआधीचं, ऐकीव सांगतो आहे.

तर अशा या साडूंनी उतारवयात एक जुनी डिझेल गाडी घेतली. साधी नव्हे, चांगली उंच, भारदस्त, पायरीवर पाय ठेवून चढावं लागणारी. देवासच्या कुणा ठेकेदाराने ती रेतीच्या खाणींवरून फिरवली होती. दोन म्हातारी माणसं, मुलगा परदेशात, आणि दारात हा हत्ती. मी समजावून पाहिलं, की गावात फिरायला छोटी पेट्रोल गाडी बरी. साडू म्हणाले, ‘‘उंच पाहिजे होती,’’ आणि विषय संपवला. ठेकेदाराने विकताना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की सब करवा रखा है. साडूंचा यावरचा नियम ठरलेला होता: जे आपल्या डोळ्यांदेखत झालं नाही, ते झालंच नाही असं धरून चालायचं. त्यांनी गाडीतलं झाडून सगळं तेल, पाणी, फिल्टर नवं केलं, आणि मग गाडीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन वाचायला बसले. चष्मा लावून, पेन्सिल घेऊन, परीक्षेला बसल्यासारखे.

त्या पुस्तकात देखभालीचे दोन रकाने होते. एक नेहमीच्या वापराचा. दुसऱ्याला साडूंनीच मराठी नाव दिलं: कठीण वापर. कठीण वापराच्या गाडीचं तेल निम्म्या अंतरातच बदलायचं, फिल्टर लवकर, सगळंच लवकर. एका रविवारी पोहे खाताना त्यांनी आम्हा सर्वांसमोर प्रश्न मांडला, की आपली गाडी कुठल्या रकान्यात बसते. मी म्हटलं, भाजी आणायला आणि खजराना गणपतीला जाणाऱ्या गाडीला कसला कठीण वापर? हिमालयात नेताय का? साडूंनी शांतपणे चमचा खाली ठेवला. छोट्या फेऱ्यांत डिझेल इंजिन नीट तापत नाही आणि आत काजळी धरते, हे त्यांनी मला समजावलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चालू ठेवणं. ‘‘अंतर मोजून नाही होत भिया,’’ ते म्हणाले. ‘‘जागेवर उभी गाडी पण झिजून राहिली ना.’’ ठरलं, कठीण वापर. उभी कशाला ठेवता, असं विचारायचं मला सुचलं नाही. बाकी मंडळी पोह्यांवर शेव घालून घेत होती.

मग त्या गाडीचं पथ्यपाणी सुरू झालं. दर रविवारी ते डिझेलच्या फिल्टरखालचा पेच सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढत आणि उजेडात धरून पाणी उतरलं आहे का ते पाहत. पाहुणा आला तर त्यालाही दाखवत, आणि पाहुणा बिचारा पॅथॉलॉजीत आल्यासारखा गंभीर चेहरा करून मान डोलवी. गाडी थांबवली की लगेच इंजिन बंद करणं हा त्यांच्या दृष्टीने अपराध. आतला टर्बो फिरत असतो, त्याला निवायला वेळ द्यायचा. याला ते दम देणं म्हणत. खजरान्याच्या देवळाबाहेर हारवाले खिडकीशी गोळा होत, आरतीची घंटा ऐकू येई, आणि आम्ही आत ताटकळत बसलेलो, कारण गाडी दम घेत असे. मी एकदा आत आरती चालली आहे अशी आठवण दिली, तर ते म्हणाले, गणपती कुठे जाऊन नाही राहिले.

इतका काटेकोर माणूस, म्हणूनच त्या पट्ट्याचं मला नवल वाटलं. इंजिनाच्या आत एक रबरी पट्टा असतो. तो ठराविक काळानंतर बदलायचाच असतो, कारण तुटायच्या आधी तो कसलीही सूचना देत नाही. कुरकुर नाही, आवाज नाही. एक दिवस तुटतो, आतले भाग एकमेकांवर आदळतात आणि इंजिन कायमचं जातं. म्हणजे हा पट्टा जणू साडूंसाठीच जन्माला आला होता. ठेकेदाराने तो बदललेलाच नाही असं धरून त्याची वेळ भरली, टळली, आणि साडू काही करेनात. सांवेर रोडवरच्या त्यांच्या जुन्या मिस्त्रीने दोनदा फोन केला. सामान बाहेरून येतं, चार-पाच दिवस गाडी सोडावी लागेल, असं त्याचं म्हणणं होतं. साडू ‘बघतो’ म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी गेली. शेवटी मी चेष्टेने विचारलं, की पट्टा तुटायची वाट बघताय का? साडू दाराबाहेर उभ्या गाडीकडे बघत राहिले आणि अगदी हळू म्हणाले, ‘‘चल जाएगा.’’

मी चेष्टा तिथेच सोडून दिली. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिने आधी ताईंचीच चौकशी केली. ताई हल्ली थोडं विसरतात हे आम्हाला माहीत होतं. थोडं, हा साडूंचा शब्द. बायकोची शाळेची नोकरी, आमचं जाणं रविवारी सकाळचं, आणि सकाळी ताई बऱ्या असत.

त्यानंतर काही दिवसांनी एक पार्सल सोडवायला मी दुपारी बस स्टँडवर गेलो. ऊन मी म्हणत होतं. समोरच्या कडेला साडूंची गाडी उभी होती, इंजिन चालू, काचा बंद, आत एसी. पुढच्या सीटवर ताई बसल्या होत्या. ठेवणीतली साडी, केसांत गजरा, मांडीवर स्टीलचा डबा. मी काचेवर टकटक केली. त्यांनी काच खाली केली आणि परक्या माणसाशी बोलतात तशा अदबीने म्हणाल्या, ‘‘तुम्ही पण कुणाला घ्यायला आलात? आमची बेबी येऊन राहिली उज्जैनहून. आज बस लेट आहे.’’

साडू उतरून माझ्याजवळ आले. आम्ही उसाच्या रसाच्या गाडीपाशी सावलीत उभे राहिलो. त्यांनी जे सांगितलं ते एखाद्या यंत्राबद्दल सांगावं तसं, पायरीपायरीने सांगितलं. दुपार कलली की ताई तयार होतात. त्यांचा रोजच शनिवार असतो. नेलं नाही तर एकट्या निघतात. एकदा अनवाणी चौकापर्यंत गेल्या होत्या. रिक्षा करून पाहिली, पण रिक्षावाला इतका वेळ थांबत नाही, आणि रिक्षातून बसच्या खिडक्या दिसत नाहीत. या गाडीतून दिसतात. शेवटची बस येऊन गेली की साडू सांगतात, बेबीची परीक्षा आहे, उद्या येईल. ते ताईंना पटतं, आणि रात्री झोप लागते. डबा त्या रिकामाच घेतात. निघण्याआधी साडू त्यात खोपरापाक ठेवतात.

उंच गाडी कशाला हवी होती ते मला तेव्हा कळलं, आणि तिला पाच दिवस का सोडवत नव्हतं तेही. वाटेत पट्टा तुटला तर ताई भर रस्त्यात अडकणार, आणि बदलायला दिला तर पाच दुपारी ताई पायी निघणार. यातलं काय पत्करायचं, हे त्या माणसाला महिनोन्‌महिने ठरवता आलं नव्हतं, आणि त्याने ते कुणाला सांगितलंही नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. म्हटलं, फार कठीण आहे हो हे.

‘‘गाडीचं कठीण आहे,’’ साडू म्हणाले. ‘‘असं उभं राहून इंजिन चालू ठेवणं तिला झेपत नाही. पुस्तकात लिहिलंच आहे. माझं काय, मी तर बसून असतो. माझा वापर नॉर्मल.’’

घरी येऊन बायकोला हे सांगितलं. तिने ओट्यावरचं काम तसंच सोडलं. मग तिने माळ्यावरून जुनी कापडी बॅग काढली, शाळेत रजा टाकली आणि साडूंना फोन केला, ‘‘जिजाजी, उद्या गाडी मिस्त्रीकडे देऊन द्या. ताईला न्यायचं नाही. मीच येते.’’

पाच दिवस ती दुपारी बॅग घेऊन सुदामा नगरच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘ताई, आले गं.’’ पहिल्या दिवशी ताईंनी आवाजावरून ओळखलं, किती वाळलीस म्हणाल्या, आणि तिथेच दारात डबा उघडला. एका दिवशी मात्र ओळखलं नाही. बसा, आमची बेबी इतक्यात येईल, असं म्हणून त्यांनी तिला खुर्ची दिली, आणि बेबी किती हुशार, किती गुणी, आईविना वाढली पण कधी हट्ट केला नाही, हे सगळं त्या पाहुण्या बाईला सांगत बसल्या. माझी बायको ते ऐकत होती. समोर साडू तेलाची कुपी हातात घेऊन दाराच्या बिजागरीशी उभे होते. त्या बिजागरीला तेलाची काही गरज नव्हती.

गाडी परत आली. मिस्त्रीने जुना पट्टा पिशवीत घालून दिला होता. साडूंनी तो उलटा करून वाकवला. आतून सगळीकडे बारीक भेगा होत्या. त्यांनी त्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि पट्टा पुन्हा पिशवीत ठेवला. रोजच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या आणि गाडी कठीण वापराच्याच रकान्यात राहिली. बायकोने एक मात्र ठरवलं. शनिवारची शाळा अर्ध्या दिवसाची. शाळा सुटली की ती थेट सांवेर रोडच्या नाक्यावर जाते. उज्जैनहून येणारी बस तिथे थांबते. ती तिथून चढते आणि स्टँडवर उतरते.

त्या पहिल्या शनिवारी मी मागच्या सीटवर होतो. दोन बस आल्या आणि रिकाम्या झाल्या. तिसरी वळली तशा ताई पुढे झुकल्या. बेबी खिडकीत होती. ताईंनी डबा घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने साडूंच्या गुडघ्यावर चापट मारली, ‘‘आली. उतरा की लवकर, तिला बॅग जड होते.’’

साडूंनी चावी फिरवली. इंजिन जागच्या जागी बंद झालं. इतक्या दिवसांच्या सवयीने माझ्याच तोंडून निघालं, की गाडीला दम द्यायचा राहिला. ते तोवर उतरून ताईंच्या बाजूला पोचले होते आणि त्यांचा पाय पायरीवर नीट पडावा म्हणून वाकले होते. डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

‘‘चल जाएगा,’’ ते म्हणाले, आणि ताईंना हाताला धरून बसकडे घेऊन गेले.