आपोआप निवू दे

दारात कोणतीही गाडी आली की शिवाण्णा आधी माणसाकडे बघत नसत, चाकाकडे बघत. बोट जिभेला लावायचं, खाली वाकायचं आणि चाकाच्या आत ब्रेकपाशी टेकवायचं. चर्र आवाज आला की गाडीवाल्याची खरडपट्टी. नाही आला तर मग "या, बसा." माझ्या खटारा स्कूटरलाही त्यांनी कधी सोडलं नाही. माझं तोंड मूळचंच फटकळ. मी म्हणायचो, "अण्णा, माझ्या गिरणीपासून तुमच्या दारापर्यंत येण्यात काय डोंबल तापणार?" ते शांतपणे बोट धोतराला पुसायचे. "दत्ता, गाडी आन माणूस, दोघंबी तोंडानं सांगत न्हाईत. कपाळाला हात लावून बघाय पायजे."

गोव्याच्या घाटमाथ्यावर कॅसलरॉकला आमची घरं शेजारीशेजारी. शिवाण्णांनी उभा जन्म खनिजाचा ट्रक घाटातून खाली नेण्यात घालवला. खाणी थांबल्या आणि ट्रक अंगणात येऊन उभा राहिला तो कायमचाच. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालायच्या. बायको पार्वतीअक्का गेल्यावर घरात ते आणि मुलगा महेश, दोघंच उरले. ट्रकच्या दिवसांतल्या गोष्टी सांगायला लागले की घाट उतरल्यावरचा ओढा त्यात हटकून यायचा. सगळे ट्रकवाले तिथं थांबायचे, बादल्या भरायचे आणि तापलेल्या चाकांवर ओतायचे. वाफेनं माणूस दिसेनासा व्हायचा म्हणे. "चाकानं आपल्याला जित्तं खाली आणलं," शिवाण्णा म्हणायचे, "त्याला आधी पाणी. मग आपल्याला चा."

महेश हाडाचा मेकॅनिक. अपघातात चेचलेली एक दोन दारांची स्पोर्ट्स गाडी त्यानं भंगाराच्या भावात आणली आणि कैक पावसाळे खपून उभी केली. गोव्याकडच्या एका डोंगरावर गाड्यांची चढणीची शर्यत व्हायची. सकाळी एक फेरी, दुपारी एक, दोन्हींची वेळ मिळून निकाल. एका मोठ्या संघाच्या माणसानं त्याला सांगितलं होतं, यंदा पहिला आलास तर आमच्याकडे चालक म्हणून घेतो. महेश तिशीला टेकला होता. पोरगं बापासमोर बसून म्हणालं, "आप्पा, ह्या खेपेला न्हाई झालं तर मग कवाच न्हाई."

त्यासाठी त्याला हलक्या डिस्क हव्या होत्या. डिस्क म्हणजे चाकाच्या आत फिरणारी लोखंडी थाळी. ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो आणि चाक थांबतं. नमुन्याला आणलेली हलकी डिस्क शिवाण्णांनी एका हातात धरली, जुनी दुसऱ्या हातात, आणि भाजीवाल्यासारखे खालीवर करत बसले.

"लोखंड कमी, आन पैसं जास्त? ह्यो कुठला बाजार रं?"

"आप्पा, फिरत्या चाकावरचं वजन लई जड पडतं. ते कमी झालं की गाडी वळणातनं सुटल्याबरोबर उठती."

मी मधे तोंड घातलं. म्हटलं, एवढ्या पैशात नवे टायर येतील, चांगले ब्रेकपॅड येतील, वर दोन पैसे उरतील. शिवाय पातळ लोखंड लवकर तापणार, लवकर झिजणार. महेश चिडला नाही. म्हणाला, "काका, शर्यत चढणीची हाय. चढताना ब्रेक कितीसा लागतोय?" बरोबरच होतं त्याचं. आजही मी म्हणेन, हिशेब त्याचा चुकला नव्हता.

शिवाण्णांनी दोन्ही डिस्क खाली ठेवल्या. मग उठून अंगणात गेले आणि ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. आठवड्याभरात भंगारवाला आला. ट्रकचे तुकडे करून वजनावर घेऊन गेला. कोंबड्या दोन दिवस त्या रिकाम्या जागेत सैरभैर फिरत होत्या. शिवाण्णा मला हसून म्हणाले, "डोंगराएवढं लोखंड दिलं आन ताटाएवढं आणलं. पण पोराचं तोंड बघिटलंस का?" हसताना त्यांचे डोळे मात्र भरून आले होते.

शर्यतीला आम्ही दोघंही गेलो. सकाळच्या फेरीत महेश पहिला. शिवाण्णा माझा दंड इतका घट्ट धरून उभे होते की वळ उठले. वर गेलेल्या गाड्या मग एकामागोमाग एक खाली आणल्या. उतरणीवर पुढची गाडी रेंगाळत होती, त्यामुळे महेशला सगळ्या उतारभर ब्रेकवर पाय ठेवूनच यावं लागलं. गाडी उभी करून तो संघाच्या माणसांना भेटायला गेला. जाताना म्हणाला, "आप्पा, जरा नजर ठेवा."

मी वडापाव आणायला वळलो. परत येतो तो वाफेचा ढग! शिवाण्णा रिकामी बादली हातात घेऊन उभे, चेहऱ्यावर लेकराला न्हाऊ घातल्याचं समाधान. "लई तापली हुती बिचारी," मला म्हणाले.

ट्रकचं जाड लोखंड गार पाण्याचे असे शंभर आघात पचवतं. ह्या पातळ थाळ्यांनी एकच पचवला नाही. दुपारच्या फेरीत पहिल्याच वळणावर ब्रेक दाबताच स्टिअरिंग थडाथडा उडायला लागलं. महेशनं गाडी कशीबशी कडेला घेतली. चाक काढलं, तर एक डिस्क वाकडी झालेली आणि दुसरीला मधोमध चीर. बाजूला लवंडलेली बादली त्याला दिसली. बापाकडे बघून तो एवढंच म्हणाला, "तुमचा ट्रक न्हवता ह्यो, आप्पा." आणि तिथूनच वास्कोला निघून गेला. एका गॅरेजात लागला, असं नंतर कळलं.

वास्को म्हणजे काय परदेश नव्हे. आमच्या दारावरून जाणारी रेल्वेगाडीच तिथं जाते. पण महेश आला नाही आणि त्याचा फोनही आला नाही. शिवाण्णा रोज वास्कोची गाडी यायच्या वेळेला स्टेशनात जाऊन बसायचे. विचारलं की म्हणायचे, "पाय मोकळं कराय आलोय." पाय मोकळे करणारा माणूस प्रत्येक डब्याच्या दाराकडे असा बघत नाही. घरी खिडकीत ती चिरलेली डिस्क ठेवलेली. येता जाता बोट ओलं करून तिला लावायचे. थंडगार लोखंड ते, कसला आवाज येणार!

मला राहवत नसे. मी ओरडायचो, "अण्णा, पोटचा पोर आहे! एक फोन करा, नाहीतर उठा, गाडीत बसा. मी येतो सोबत."

ते माझा हात धरायचे. "नको रं दत्ता. तापलाय त्यो. तापलेल्यावर गार पाणी वतलं की चीर जाती. म्या माझ्या हातानं केलंय एकदा. आता परत न्हाई करणार. आपोआप निवू दे."

"आणि तोवर तुम्ही?"

"म्या बसतो की वाट बघत. मला काय काम हाय?"

माणूस डोळ्यांदेखत झिजत गेला. जेवण सुटलं, दाढी वाढली. दारात आलेल्या गाडीच्या चाकाला बोट लावायचंही विसरले. पावसाळा सरता सरता तापानं अंथरूण धरलं. डॉक्टर गोळ्या देऊन गेले. मी कपाळावर ओली पट्टी ठेवायला गेलो, तर अंगात जीव नसताना त्यांनी ती झटकली. "पाणी नको," एवढंच म्हणाले. पुन्हा ठेवली, पुन्हा झटकली. मी बाहेर येऊन रडलो आणि त्यांना न विचारता महेशला फोन लावला.

तो मिळाली ती गाडी पकडून आला. पण दुपार कलायच्या आत शिवाण्णा गेले होते. महेश दारातून थेट आत आला, गुडघ्यांवर बसला आणि त्यानं बापाच्या कपाळावर हात ठेवला.

"काका, माझा राग त्याच आठवड्यात गेला हुता," तो म्हणाला. "पण मी काय बोलून गेलो तुमी ऐकलंय की. म्हटलं, आप्पा हाक मारतील, मग जाऊ. आपणहून कुठल्या तोंडानं येऊ?"

मला सांगायचं होतं, अरे, ते रोज स्टेशनात येऊन बसायचे.

महेशनं हात उचलला नाही. "लई गार पडलेत वो, काका," तो म्हणाला, आणि दुसरा हातही कपाळावर ठेवला.